चवथीच्या रंगसफेदीआधी: गिझर, बंब आणि न्हाणीच्या चुलीची काजळी कशी काढावी आणि कशी रोखावी

गोव्यात घर गरम ठेवण्यासाठी कोणी शेगडी पेटवत नाही. येथे उष्णता लागते ती आंघोळीच्या पाण्यासाठी. त्यामुळे घरात काजळी शिरते तीही बहुधा न्हाणीतूनच: भिंतीवरच्या गॅस गिझरमधून, मागच्या पडवीतल्या बंबातून किंवा भाण (पाणी तापवण्याचे मोठे भांडे) बसवलेल्या चुलीतून. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की काळवंडलेल्या भिंतीकडे लक्ष जाते, ओले फडके हातात घेतले जाते, दोन दिवसांत त्यावरून डिस्टेंपरचा हात फिरतो आणि दसऱ्यापर्यंत तोच डाग पिवळसर तपकिरी होऊन पुन्हा वर येतो. दरवर्षी कितीतरी घरांत हेच घडते आणि दोष रंगाला दिला जातो.

खरा दोष क्रमाचा असतो. आधी आगीतला बिघाड शोधावा, मग काजळी कोरडीच उचलावी, त्यानंतर पाणी लावावे आणि भिंत आतपर्यंत वाळल्यावरच रंगाला हात घालावा. यांतला एकही टप्पा मागेपुढे झाला की सगळे काम पुन्हा करावे लागते, आणि पहिला टप्पा गाळला तर प्रश्न केवळ भिंतीपुरता राहत नाही.

टप्पा १. आग बंद करा, माणसांना बाहेर काढा, पंख्यांना हात लावू नका

काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या इंधनातील कार्बनचे अतिसूक्ष्म कण. जिथे ज्वलन अर्धवट होते तिथे कार्बन मोनॉक्साइड हा वायूही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. म्हणूनच गिझरच्या वरची भिंत किंवा टाइल नव्याने काळी पडलेली दिसली, तर ती आधी धोक्याची खूण समजावी. सफाईचा विचार नंतर.

गिझर बंद करावा, सिलिंडरवरील रेग्युलेटरची कळ फिरवून गॅस तोडावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. चुलीत किंवा बंबात विस्तव असेल तर पाणी ओतून तो विझवू नये, कारण त्यामुळे उसळणारी वाफ राख आणि काजळी घेऊन खोलीभर पसरते. जळती लाकडे चिमट्याने बाहेर अंगणात काढावीत.

हवा खेळावी म्हणून लगेच छताचा पंखा लावण्याची आपली सवय असते. ती येथे मोडावी. हे कण इतके हलके असतात की एका खोलीतली काजळी पंख्यामुळे दहा मिनिटांत कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोहोचते. एसी असेल तर तोही बंद ठेवावा. उघड्या खिडक्यांतून येणारा वारा पुरेसा आहे.

इशारा: घरातील कोणालाही डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा हातापायांत जडपणा जाणवत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटत असेल, तर तो योगायोग समजू नये. त्या व्यक्तीला बाहेरच बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, आणि घराबाहेर जाऊनच १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो न्हाणीच्या मोरीत आणि जमिनीलगत साचतो. केवळ वरचे झरोके उघडून तो निघत नाही, दार सताड उघडावे लागते.

काहीही पुसण्याआधी काळ्या भागाची छायाचित्रे काढून ठेवावीत. डागाचा आकार पुढे दोष शोधायला उपयोगी पडतो आणि घर भाड्याचे असेल तर मालकाशी बोलतानाही छायाचित्रे कामी येतात.

टप्पा २. डाग काजळीचा की बुरशीचा, हे ठरवा

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे भिंती ओल धरतात आणि न्हाणीच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उमटतात. ते बहुतेक वेळा बुरशीचे असतात. बुरशी आणि काजळी यांची सफाई एकमेकींच्या अगदी उलट असते, म्हणून हा टप्पा गाळू नये.

कोरडे पांढरे सुती फडके डागावरून अलगद टेकवून उचलावे. काळी, किंचित तेलकट छाप उमटली तर काजळी. फडके जवळपास स्वच्छ राहिले तर बुरशीची शक्यता अधिक. खात्रीसाठी डागाच्या कडेला पाणी मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब लावून पाहावा. बुरशीचा रंग काही मिनिटांत फिका पडतो, काजळीचा पडत नाही. डागाची जागाही बोलते: बुरशी ओल असलेल्या ठिकाणी ठिपक्यांनी वाढते, तर काजळी उष्ण हवेबरोबर वर जाऊन थंड पृष्ठभागावर बसते. त्यामुळे ती गिझरच्या वर पंख्यासारखी पसरते, छताच्या कडेने पट्टा धरते आणि कोळ्यांच्या जाळ्यांना लगडून लोंबते.

इशारा: ब्लीच लावलेल्या जागी संडास धुण्याचे आम्ल कधीही लावू नये. दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा न्हाणीत तो घातक ठरतो.

टप्पा ३. काजळी कुठून आली ते शोधा

हा टप्पा सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. बिघाड तसाच ठेवून केलेली सफाई महिनाभरही टिकत नाही.

*गॅस गिझर असल्यास.* पहिली तपासणी डोळ्यांनी करायची. दार-खिडकी उघडी ठेवून गिझर अर्धा मिनिट चालवावा आणि समोरच्या खिडकीवजा फटीतून ज्योत पाहावी. निरोगी ज्योत निळी आणि स्थिर असते. ती पिवळी, लांब आणि लवलवती असेल तर तिला हवा कमी पडते आहे. किनाऱ्याजवळच्या घरांत हवेतील मिठाच्या कणांमुळे ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणगी चमकते. क्षणात विझणाऱ्या त्या छटेला घाबरण्याचे कारण नाही. सतत टिकणारा पिवळेपणा हा दोष आहे.

हवा कमी पडण्याची आपल्याकडची कारणे ठरावीक आहेत. बर्नरला हवा देणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी कोळी जाळे विणतो किंवा कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, आणि हे विशेषतः सुटीत बंद राहिलेल्या घरांत आढळते. खाऱ्या हवेने बर्नरला गंज चढतो आणि गंजाचे पापुद्रे छिद्रांत अडकतात. वरच्या तांब्याच्या पात्राच्या पात्यांमध्ये जुनी काजळी साचली असेल तर जळालेल्या वायूला वर जायला वाट राहत नाही, तो मागे दबतो, ज्योत आणखी पिवळी होते आणि आणखी काजळी धरते. हे चक्र एकदा सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत भिंत काळी होते. काही घरांत दोष गिझरमध्ये नसतोच. न्हाणी घट्ट बंद आणि एक्झॉस्ट पंखा जोरात चालू, अशा वेळी पंखा बाहेरची हवा न मिळाल्याने गिझरचा धूरच खाली ओढून घेतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या धूरनळीत पावसाळी वारा शिरूनही हेच होते.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या माणसाने बर्नरच्या जेटच्या (जिथून गॅस सुटतो त्या तोटीच्या) छिद्रांत दाभण घालून ती मोकळी केली. दोन दिवस बरे वाटले, पण छिद्रे मोठी झाल्यामुळे गॅस जास्त आणि हवा तेवढीच, असे होऊन आधीपेक्षा दुप्पट काजळी आली आणि शेवटी बर्नर बदलावा लागला. म्हणून जेटच्या छिद्रात सुई, तार, दाभण यांपैकी काहीही घालू देऊ नये. बर्नर काढून मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करणे, तांब्याचे पात्र उतरवून धुणे आणि गॅसचा दाब तपासणे ही कामे त्या कंपनीच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. घरगुती रेग्युलेटरमधून येणारा दाब सुमारे ३० मिलिबार असतो. व्यावसायिक सिलिंडरचा जास्त दाबाचा रेग्युलेटर गिझरला जोडला गेला असेल तर काजळी येणारच.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी: गॅस गिझर आंघोळीच्या खोलीत असू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी. न्हाणीतला गिझर दुरुस्त करून पुन्हा तिथेच बसवणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

*बंब असल्यास.* बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर जातो आणि खालच्या राखेच्या कप्प्यातून हवा आत येते. राख भरून आली की हवेची वाट बंद होते. रोज पेटवण्याआधी राख काढणे आणि महिन्यातून एकदा मधली नळी काथ्याच्या लांब कुंच्याने वरून खालपर्यंत झाडणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

इशारा: धूर संपून लालभडक निखारे उरले की बंब उचलून न्हाणीत नेण्याची पद्धत काही घरांत आहे. निखाऱ्यांतून धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असतो. बंब उघड्यावरच ठेवावा आणि आत बादलीने पाणी न्यावे.

*चूल असल्यास.* येथे बहुतेक दोष इंधनाचा असतो. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उडवण्यात उष्णता घालवते, आग थंड राहते आणि धूर दाट होतो. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ओंडके फोडून, आडोशाला हवा खेळेल असे रचून निदान सहा महिने वाळवल्याशिवाय तो उतरत नाही. दोन लाकडे एकमेकांवर आपटली असता टणटणीत आवाज आला आणि टोकाला चिरा दिसल्या तर लाकूड तयार आहे; थप्प असा आवाज आला तर नाही. नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) बाहेरून कोरडी दिसली तरी आत पाणी धरून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात ती चुलीच्या वरच्या फळीवर दोन दिवस ठेवूनच वापरावीत.

चूल पेटवायला दुधाच्या पिशव्या किंवा प्लास्टिक घालणे पूर्णपणे बंद करावे. त्या धुरातली काजळी चिकट असते, भिंतीत मुरते आणि तो धूर छातीलाही अपायकारक आहे. काजूच्या बियांची टरफलेही घरातल्या चुलीत घालू नयेत. त्यांतील दाहक तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो व भिंतीवर डांबरासारखा थर ठेवतो. पेटवणासाठी वाळलेली चुडते (नारळाच्या झावळ्या), करवंटीचे तुकडे किंवा कापराची वडी पुरेशी आहे. शिवाय चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. लाकडांच्या खालून हवा जायला चार बोटे जागा हवी.

तपासणी: दुरुस्तीनंतर गिझरच्या किंवा चुलीच्या वरच्या भिंतीचा एक वीतभर भाग स्वच्छ पुसावा आणि सलग तीन दिवस साधन वापरून त्यावर नवी काजळी येते का ते पाहावे. आली नाही तरच पुढच्या टप्प्याला जावे.

टप्पा ४. तयारी

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला फडके बांधावे. साधा सुती रुमाल हे कण अडवत नाही. दम्याचा त्रास असलेली माणसे, लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनी सफाई संपेपर्यंत घराच्या दुसऱ्या भागात किंवा शेजारी थांबावे.

न्हाणीतील आणि लगतच्या खोलीतील हलवता येणारे सामान बाहेर काढावे, पण बाहेर नेण्याआधी ते ओल्या फडक्याने पुसू नये. जे हलत नाही त्यावर जुनी चादर घालून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. जमिनीवर वर्तमानपत्रांपेक्षा जाड प्लास्टिक अंथरावे, कारण ओल्या कागदाची शाई लाल कोब्याच्या जमिनीत उतरते. स्वच्छ खोलीकडे जाणाऱ्या दाराशी ओली गोणपाटाची पायपुसणी ठेवावी आणि कामाची चप्पल त्या दारापलीकडे नेऊ नये.

साधनांत हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर, लांब केसांचा मऊ ब्रश, काजळी टिपण्यासाठी मिळणारा कोरडा रबरी स्पंज, दोन बादल्या आणि भरपूर सुती फडकी असावीत. रबरी स्पंज ऑनलाइन मिळतो आणि त्यावर खर्च करणे योग्यच आहे. तो पाण्याशिवाय काजळी स्वतःत ओढून घेतो. फिल्टर नसलेला जुना व्हॅक्यूम क्लीनर मात्र वापरू नये. पुढून ओढलेले बारीक कण तो मागून पुन्हा खोलीत सोडतो.

टप्पा ५. कोरडी सफाई

सर्वांत जास्त चुका येथेच होतात. कोरडी काजळी भिंतीवर नुसती टेकलेली असते. तिला पाणी किंवा बोट लागले की ती गिलाव्याच्या छिद्रांत शिरते आणि तिथला डाग मग साबणाने निघत नाही. म्हणून या संपूर्ण टप्प्यात पाण्याची बादली खोलीतच आणू नये, म्हणजे मोह होणार नाही.

सुरुवात छतापासून करावी. व्हॅक्यूमच्या नळीला ब्रश लावून तो पृष्ठभागापासून बोटभर अंतरावर धरावा. घासू नये, सुटी काजळी केवळ ओढून घ्यावी. काजळी लगडलेली जळमटे झाडूने ओढली तर भिंतीवर काळी रेघ उमटते, म्हणून तीही आधी ओढूनच घ्यावीत. छतानंतर भिंती वरून खाली, मग खिडक्यांच्या चौकटी, शेवटी जमीन.

त्यानंतर रबरी स्पंज घ्यावा. तो कोरडाच वापरायचा आणि धुऊन पुन्हा वापरायचा नाही. वरून खाली सरळ, एकेक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर किंचित चढवत, एकाच दिशेने फिरवावा. गोल गोल फिरवल्यास काजळी पसरते. स्पंजाची बाजू काळी झाली की उलटवावी, सगळ्या बाजू भरल्या की वरचा थर सुरीने कापून आतला स्वच्छ भाग वापरावा. स्पंज मिळालाच नाही तर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा भिंतीवर दाबून उचलता येतो, पण तो लहान जागेपुरता आणि कोरड्या दिवसांतच वापरावा. पावसाळ्यात भिंतीवर राहिलेल्या पिठावर बुरशी धरते.

मंगळुरी कौलांचे छत असेल तर अपेक्षा थोड्या आवराव्यात. जुन्या रांधणातले (स्वयंपाकघरातले) वासे आणि रिपा वर्षानुवर्षांच्या धुराने काळ्या झालेल्या असतात आणि तो थर घट्ट बसलेला असतो. सुटी काजळी आणि जळमटे काढावीत व लाकूड तसेच राहू द्यावे. वासे साबणाने धुण्याचा प्रयत्न केल्यास काळे पाणी भिंतीवर ओघळते आणि लाकूडही ओल धरते.

तपासणी: पांढरे कोरडे फडके भिंतीवर टेकवल्यावर फिकट करडी छाप उमटली तर पुढे जावे. काळी उमटली तर हाच टप्पा पुन्हा करावा.

टप्पा ६. ओली सफाई, भिंतीच्या जातीप्रमाणे

*टाइल्स आणि ऑइल पेंटची भिंत.* पाच लिटर कोमट पाण्यात भांडी घासण्याचा दोन चमचे द्रव साबण आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी घ्यावे. भिंत खालून वर धुवावी. हे उलटे वाटते, पण वरून सुरुवात केल्यास खालच्या कोरड्या भागावर मळके पाणी ओघळते आणि त्या रेघा नंतर निघत नाहीत. खालचा भाग आधीच ओला असेल तर ओघळ तिथे मुरत नाही. हातभर जागा धुवावी, लगेच स्वच्छ पाण्याने पुसावी, कोरडी करावी आणि मग वर सरकावे. पाणी करडे झाले की बदलावे. अॅल्युमिनियमच्या चौकटींना आणि पॉलिश केलेल्या लाकडाला सोडा लागू देऊ नये; तिथे नुसता सौम्य साबण वापरावा.

*डिस्टेंपर किंवा साधा प्लास्टिक पेंट.* घट्ट पिळलेल्या फडक्याने, सोड्याशिवाय आणि घासण्याऐवजी टेकवून उचलत काम करावे. कोपऱ्यात आधी वीतभर जागेवर करून पाहावे. रंग फडक्याला लागत असेल तर ओली सफाई थांबवावी.

*चुन्याची भिंत.* चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरांत भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी असते. ही भिंत धुऊच नये. ती पाणी पिते आणि पाण्याबरोबर काजळीही आत ओढते. कोरड्या स्पंजानंतर उरलेला डाग असेल तर सफेदीचा वरचा सैल थर पत्र्याच्या पट्टीने हलकेच खरवडून काढावा आणि कोरड्या दिवसांत चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

*जमीन.* लाल कोब्याच्या किंवा मोझेकच्या जमिनीवर आम्ल ओतू नये. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. शेणाने सारवलेली जमीन असेल तर वरचा काळा थर झाडून नव्याने सारवावी.

टप्पा ७. कपडे, भांडी, विजेची उपकरणे

पडदे आणि कपडे अंगणात नेऊन झटकावेत आणि मगच, इतर कपड्यांपासून वेगळे, धुवावेत. झटकण्याआधी भिजवले तर डाग कायमचा बसतो. गादी आणि सोफा कधीही घासू नये, फक्त व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.

भाणाचे बूड राख आणि काथ्याने घासून निघते. पुढच्या वेळी चुलीवर चढवण्याआधी बाहेरून राख कालवलेल्या मातीचा पातळ लेप दिला तर काजळी लेपावर बसते आणि लेपाबरोबर धुऊन जाते. तांब्याचा डाग आमसुलाने निघतो, पण आमसूल लावून भांडे तसेच ठेवू नये. लगेच धुऊन कोरडे करावे.

काजळी वीज वाहून नेऊ शकते आणि ओलाव्याबरोबर धातू गंजवते. म्हणून काजळी बसलेला मिक्सर, वॉशिंग मशीन किंवा दूरदर्शन संच लावून पाहण्याचा मोह टाळावा. आतून साफ केल्याशिवाय वीज जोडू नये. एसीच्या जाळ्या धुऊन, सुकवून मगच तो सुरू करावा. छताच्या पंख्याची पाती वरच्या बाजूने पुसायला विसरू नये. सगळे घर साफ करून पहिल्यांदा पंखा लावल्यावर काळा शिडकावा होतो तो याच पात्यांवरून.

टप्पा ८. भिंत वाळवा, मग रंगाचा विचार करा

येथे माझे मत अनेकांना आवडणार नाही. चवथ ऐन पावसाळ्यात येते, आणि धुतलेली भिंत त्या हवेत आतपर्यंत वाळत नाही. ओल्या भिंतीवर रंग चढवला की ओल आणि काजळीचा उरलेला अंश दोन्ही त्याच्या खाली अडकतात, फुगे येतात आणि डाग वर येतो. म्हणून चवथीसाठी भिंत साफ करून थांबावे, माटोळीच्या (गणपतीवर फळे-पाने टांगतात त्या चौकटीच्या) खोलीत हवा तर कापडी पडदा लावावा, आणि रंगकाम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावे.

तपासणी: हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस तसेच ठेवावे. आतून दव धरले किंवा भिंत तिथे गडद दिसली तर ती अजून ओली आहे.

सिमेंटच्या गिलाव्यावर, भिंत कोरडी झाल्यावर, डाग रोखणारा सॉल्व्हंटचा किंवा लाखेचा प्रायमर लावावा. पाण्याचा प्रायमर येथे उपयोगी पडत नाही. त्यातून काजळीचा डाग पुन्हा वर येतो. प्रायमर वाळल्यावर हातभर जागेवर रंगाचा एक हात देऊन चोवीस तास वाट पाहावी, पिवळेपणा उमटला तर प्रायमरचा दुसरा हात द्यावा. या प्रायमरची वाफ पेट घेते, म्हणून काम चालू असताना घरात चूल, गिझर आणि निरांजनही पेटवू नये. चुन्याच्या भिंतीवर मात्र असा प्रायमर लावू नये. चिऱ्याची भिंत पावसात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते; वरून तोंड बंद केले की पुढच्या पावसात गिलावाच सुटतो.

टप्पा ९. पुन्हा काजळी धरू नये म्हणून

लाकूड मार्च ते मे या काळात फोडून आडोशाला रचावे आणि पुढच्या पावसाळ्यात जाळावे, त्याच पावसाळ्यात नव्हे. गिझरची सफाई वर्षातून एकदा, शक्यतो ऑक्टोबरअखेर करून घ्यावी, कारण सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे गिझर जास्त वेळ चालतो आणि नेमक्या तेव्हाच खिडक्या बंद असतात. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर छापलेली तारीख पाहण्याची सवय लावावी. बराच काळ बंद असलेले घर उघडल्यावर गिझर लगेच पेटवू नये. आधी हवेच्या नळ्यांची तोंडे विजेरीने पाहावीत.

कार्बन मोनॉक्साइडचा गजर घेतलेला असेल तर तो आणि एलपीजी गळतीचा गजर ही दोन वेगळी उपकरणे आहेत, हे नीट पाहून घ्यावे. दुकानात एक मागितले की दुसरे हातात पडते. एलपीजीचा गजर जमिनीलगत बसवावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर माहितीपत्रकात सांगितलेल्या उंचीवर, झोपण्याच्या खोलीच्या जवळ लावावा आणि त्याची मुदत संपली की बदलावा.

आणि दर पंधरा दिवसांनी, आंघोळीचे पाणी तापून गिझर थंड झाल्यावर, त्याच्या वरच्या टाइलवरून एक पांढरे सुती फडके फिरवावे. फडके करडे झाले तर त्या दिवसापासून गिझर बंद ठेवून तिसऱ्या टप्प्याला पुन्हा सुरुवात करावी.